दोन झाडांमधले अंतर

(तृतीय वर्ष, कला)

यंदा स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयात सामान्यज्ञानाची स्पर्धा झाली. ‘महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?’ या प्रश्नाला चारही संघांचे हात एकदम वर गेले. ‘शेकरू’ हे उत्तर आले, टाळ्या पडल्या आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. मी प्रेक्षकांत बसलो होतो. शेजारच्या मित्राला सहज विचारले, “तू शेकरू पाहिले आहेस का?” तो म्हणाला, “चित्रात.” पुढच्या रांगेतला एकजण भीमाशंकरला तीनदा जाऊन आला होता. त्याने देवदर्शन घेतले होते, गरम भजी खाल्ली होती, धुक्यात फोटो काढले होते. शेकरू मात्र त्यानेही पाहिले नव्हते.

ज्याला आपण राज्याचा मान दिला, त्याच्याशी आपली ओळख एका गुणाच्या प्रश्नापुरती! हे हसण्यावारी नेता आले असते. पण मी ज्या गावातून इथे शिकायला आलो, त्या गावाने शेकरू पाहिले आहे आणि ते दिसेनासे कसे होते हेही पाहिले आहे. त्या दिसेनासे होण्यात आमच्या घराचाही थोडा वाटा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी शेकरू पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. शेकरू म्हणजे एक मोठी खार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर लांब आणि त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच. वजन दीड-दोन किलो. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनच्या घाटातील शेकरूचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव त्याला दिले. भीमाशंकरच्या शेकरूला शास्त्रज्ञ आजही त्याच नावाने ओळखतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना यातले काही ठाऊक नाही. पण कोणत्या झाडाला फळ धरले की शेकरू कोणत्या बाजूने येते, हे त्यांना बिनचूक सांगता येते.

शेकरूचे सारे जगणे झाडांच्या वरच्या मजल्यावर चालते. ते जमिनीवर क्वचितच उतरते. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जाताना ते सहा मीटरपर्यंत झेप घेते. काटक्या आणि पाने गुंफून ते आपले गोल घरटे बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधते, म्हणजे जड शत्रूला तिथवर पोचता येत नाही. एकेका शेकरूची अशी अनेक घरटी असतात. फळे, बिया, फुले, कोवळी पाने, झाडाची साल, ऋतूप्रमाणे जे मिळेल त्यावर त्याचा निर्वाह होतो. आज हे झाड फळले, महिन्याने ते. म्हणून त्याला एक झाड पुरत नाही; या झाडाकडून त्या झाडाकडे जाणारी वाट लागते. ही वाट पायाखाली बघून सापडायची नाही. मान वर केली म्हणजे दिसते: जांभळाची फांदी अंजनीत शिरलेली असते, अंजनीची हिरड्याला टेकलेली असते. झाडाझाडांचे शेंडे एकमेकांत गुंतून जे छत तयार होते, तोच शेकरूचा रस्ता आणि तेच त्याचे गाव.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो.

आमचे गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात आहे. गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. देवराई आणि सरकारी रान यांच्यामध्ये आमची आणि भावकीची भातखाचरे. आमच्या बांधावर तीन जांभळी आणि एक आंबा अशी जुनी झाडे ओळीने उभी होती. त्यांचे शेंडे एकीकडे देवराईला आणि दुसरीकडे रानाला जवळजवळ टेकत. आजी त्या ओळीला ‘शेकराची वाट’ म्हणायची. लहानपणी मला वाटे, हे नुसते नाव आहे. जसे ‘भुताचा चिंच’ म्हणतात तसे.

तीन वर्षांपूर्वी मी बारावी झालो. पुढे शिकायचे तर शहरात खोली घ्यायची, खानावळ लावायची, प्रवेशाची फी भरायची. त्या साली भात धड आले नव्हते. वडिलांनी दोन जांभळी आणि आंबा ठेकेदाराला विकला. परवानगीचा कागद रीतसर काढला होता. चोरटेपणाने काही केले नाही. झाडे पडली त्या दिवशी मी वडिलांना म्हणालो, “राहू द्यायला हवी होती.” ते म्हणाले, “पोरा, झाड पुन्हा येतंय. तुझं वर्ष पुन्हा यायचं नाही.” आजी ओट्यावर बसली होती. ती एवढेच बोलली, “शेकराची वाट तोडलीत रं.”

गेल्या चैत्रात देवराईखालच्या उतारावर गावच्या कुत्र्यांनी एक शेकरू धरले. बहुधा ते खाली उतरून मोकळे अंतर ओलांडत असावे. माणसे धावेपर्यंत सगळे संपले होते. आमच्या तीन झाडांमुळेच ते मेले असे मी म्हणत नाही. तसे सिद्ध करता येणार नाही. त्याच उतारावर आणखी दोघांनी झाडे विकली होती, शिवाय विजेच्या तारांसाठी एक पट्टा मोकळा केला होता. प्रत्येकाने थोडेच तोडले. प्रत्येकाला कारण होते. पण या ‘थोड्या’ची बेरीज शेकरूच्या झेपेपेक्षा मोठी झाली.

माझ्या मते वन्यजीवांविषयीच्या आपल्या विचारात नेमकी हीच गोष्ट सुटून जाते. आपण प्राण्यांची संख्या मोजतो, अभयारण्याचे क्षेत्र मोजतो, तोडलेल्या झाडांची गणती ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूच्या शिकारीला बंदी केली. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत मिळून सुमारे १३० चौरस किलोमीटरचे रान त्यात आले. या दोन्ही गोष्टींचे मोल मोठे आहे. त्या झाल्या नसत्या तर आज या विषयावर लिहिण्यासारखे काही उरले असते की नाही कोण जाणे! पण कायदा झाड मोजतो. दोन झाडांमधले अंतर मोजत नाही. अभयारण्याची रेघ नकाशावर ठळक असते. पण आमच्या बांधासारखी हजारो मालकीची रानपट्टी त्या रेघेच्या बाहेर किंवा काठावर आहेत, आणि रानाचे तुकडे एकमेकांशी जोडलेले राहणार की सुटणार हे तिथेच ठरते.

तुकडे सुटले म्हणजे काय होते? समजा, एका देवराईत सात-आठ शेकरू उरली. बाहेरून कोणी येत नाही, इथले कोणी बाहेर जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच जोड्या लागतात आणि वंश दुबळा होत जातो. एखाद्या साली फळच धरले नाही, एखादा रोग आला, एखादे वादळ आले, तर सगळा तुकडा एका हंगामात रिकामा होऊ शकतो. मोठ्या सलग रानात असा रिकामा कोपरा पुन्हा भरतो. तुटलेल्या तुकड्यात मात्र जे गेले ते कायमचे गेले.

हे भय कल्पनेतले नाही. नाशिक जिल्ह्याच्या सीमेपलीकडे डांगचे जंगल आहे. तिथे फिकट रंगाचे एक निराळे शेकरू असे. १८९७ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते दिसल्याची खात्रीची वार्ता नाही आणि ते नामशेष झाले असेच मानले जाते. आंतरराष्ट्रीय यादीत शेकरूची एकूण जात आज ‘फारशी चिंता नाही’ अशा गटात आहे, कारण दक्षिणेत आणि मध्य भारतात ती पुष्कळ ठिकाणी आहे. मात्र तिची संख्या घटत असल्याचे तीच यादी सांगते. देशाच्या हिशेबात चिंता नसेल. डांगच्या हिशेबात काय उरले? मोठ्या बेरजेत लहान वजाबाकी दिसत नाही, ती अशी.

मग गेलेले परत येते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका दूरच्या देशातील उदाहरण वाचायला मिळाले. प्राणी वेगळा, रान वेगळे. पण दुखणे तेच, म्हणून ते इथे सांगतो.

ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या परिसरात, समुद्राजवळच्या जंगलात ‘सोनेरी टॅमरिन’ नावाचे एक चिमुकले माकड राहते. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. अंगावर सोनेरी केस आणि सिंहासारखी आयाळ. शेती, गुरांची कुरणे आणि वाढती वस्ती यांच्यासाठी तिथले जंगल तुटले. शिवाय देखणेपणामुळे हे माकड पाळण्यासाठी पकडले जाऊ लागले. १९७० नंतरच्या काळात रानात सुमारे दोनशेच टॅमरिन उरले होते. १९७४ साली त्यांच्यासाठी राखीव जंगल झाले. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी आपापल्या पिंजऱ्यांतली जनावरे एकत्र हिशेबात धरून त्यांची पैदास केली आणि १९८४ पासून ती रानात सोडायला सुरुवात झाली.

पहिला अनुभव मोठा बोलका आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या टॅमरिनना फांदी ठाऊक होती ती न हलणारी. रानात फांदी हलते, वाकते, मोडते. लपलेले अन्न शोधणेही त्यांना जमेना. पहिल्यापहिल्याने सोडलेली पुष्कळ जनावरे मेली. पण त्यांच्या मागे लागून राहणारी माणसे होती. ती शिकली आणि जनावरांची रानात जन्मलेली पुढची पिढीही शिकली. आणखी एक गोष्ट घडली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारी राखीव जंगल पुरेसे नव्हते, म्हणून आसपासच्या मोठ्या शेतमालकांनी आपल्या जमिनीवरच्या जंगलात टॅमरिन सोडू दिले आणि तुकडे जोडण्यासाठी मधल्या जागेत झाडे लावू दिली. २०१४ पर्यंत संख्या सुमारे ३,७०० झाली. मग पीतज्वराची साथ आली आणि ती २,५०० पर्यंत घसरली. सारे मुसळ केरात जाणार असे वाटले. पण जोडलेले रान आणि चिकाटीची माणसे होती, टॅमरिनना लस टोचण्याचेही काम झाले. २०२३ च्या गणनेत आकडा सुमारे ४,८०० वर गेला. २०२० साली तर तिथल्या एका मोठ्या महामार्गावर खास पूल बांधून त्यावर झाडे लावली. माणसांच्या रस्त्यावरून रानाचा रस्ता गेला!

यातून मी एक निष्कर्ष काढतो. प्राण्यांची पैदास वाढवणे हे कामाचे एक टोक आहे. दुसरे टोक, आणि जास्त अवघड टोक, म्हणजे त्यांना जायला वाट ठेवणे. भीमाशंकरच्या शेकरूची स्थिती त्या दोनशे टॅमरिनांइतकी बिकट नाही, हे आपले भाग्य. आपल्याला पिंजऱ्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आहे ती वाट तुटू दिली नाही आणि तुटलेली सांधली, तर पुढचे काम शेकरू स्वतः करील.

इथे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे: ज्याच्या घरी पोराच्या फीला पैसे नाहीत, त्याला खारीचे कौतुक काय सांगता? हा प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण ते घर माझे आहे. माझे वडील चुकले असे मला आजही म्हणवत नाही. शहरातून येऊन ‘आदिवासी आणि शेतकरी जंगल तोडतात’ असे बोलणाऱ्यांचा मला राग येतो. गेल्या शतकात घाटातली मालकी राने कोळशासाठी तुटली, तेव्हा तो कोळसा आमच्या चुलीत जळला नाही. आज भीमाशंकरला सुट्टीच्या दिवशी मोटारींची जी रांग लागते तीही आमच्या गावाची नव्हे. त्या रांगेसाठी रस्ता रुंद करायचा म्हणजे पुन्हा दोन बाजूंच्या फांद्या एकमेकींपासून दूर न्यायच्या.

पण याच प्रश्नात उत्तराचे एक टोकही सापडते. आमच्या बांधावरची जांभूळ गेली, मात्र भावकीतल्या एकाही घराने हिरडा तोडला नाही. का? कारण उभा हिरडा दर वर्षी पैसे देतो. बाळहिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा, यावर आमच्या भागातल्या कितीतरी घरांचे मीठमिरची चालते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने आंबेगाव-जुन्नर भागातल्या हिरड्याचे मोठे नुकसान केले, तेव्हा माणसांनी पडलेल्या भाताइतकीच हळहळ पडलेल्या हिरड्यांसाठी केली. ज्या झाडाला उभे असताना मोल आहे ते टिकते. ज्याला आडवे झाल्यावरच मोल येते ते एक ना एक दिवस आडवे होते. हे अर्थशास्त्र शिकायला आपल्या महाविद्यालयात यायची गरज नाही. आमच्या ओट्यावर बसले तरी कळते.

म्हणून माझे म्हणणे असे की, शेकरूचे रक्षण म्हणजे केवळ वनखात्याच्या पहाऱ्याचे काम नव्हे. हिरड्याला रास्त भाव मिळणे हे शेकरूचे रक्षण आहे. रानाचे दोन तुकडे जोडणारे जुने झाड बांधावर राखणाऱ्या शेतकऱ्याला त्याबद्दल वर्षाकाठी काही रक्कम मिळणे हे शेकरूचे रक्षण आहे. तशी रक्कम माझ्या वडिलांच्या हाती येत असती तर माझी फी आणि शेकराची वाट यांत त्यांना निवड करावी लागली नसती. राज्यप्राणी साऱ्या राज्याचा; मग त्याची किंमत डोंगरातल्या चार खाचरांच्या मालकांनीच का मोजावी?

काही उपाय तर फारसे खर्चाचेही नाहीत. रस्त्याची दुरुस्ती करताना ठराविक अंतरावर दोन्ही बाजूंचे शेंडे जुळलेले ठेवता येतात. जिथे ते तुटलेच आहेत तिथे झाडे वाढेपर्यंत दोराचे पूल बांधता येतात. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावर असे पूल टांगले आहेत. मात्र पूल बांधला की झाडाची गरज संपली, असे कोणी समजू नये. दोर फळत नाही.

आता आपल्याविषयी. आपण कला शाखेचे विद्यार्थी. प्राणिशास्त्र आपला विषय नाही. पण या कामात प्राणिशास्त्राइतकीच गरज आपल्या विषयांची आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा झाडांबरोबर त्यांना देव, रूढी, जत्रा आणि गावकी यांचाही विचार करावा लागला. देवराई कशी टिकली याचे उत्तर निम्मे वनस्पतिशास्त्रात असेल; उरलेले निम्मे माणसांत आहे.

माझ्या तीन सूचना आहेत. प्राध्यापक मंडळींनी त्यांचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे. पहिली: भूगोल विभागाने पश्चिम पट्ट्यातील आपल्या विद्यार्थ्यांच्या गावांतील देवरायांचा आणि त्यांना रानाशी जोडणाऱ्या झाडांच्या ओळींचा नकाशा करावा. दुसरी: मराठी विभागाने ‘शेकराची वाट’ यासारखे शब्द म्हाताऱ्या माणसांकडून टिपून घ्यावेत. माझी आजी गेली की तो शब्द वापरणारे आमच्या घरात कोणी नाही. आणि ज्याला नाव उरत नाही ते तोडताना हात अडत नाही. तिसरी: राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दर वर्षी झटपट वाढणारी परकी रोपे डोंगरावर लावून छायाचित्रे काढण्याऐवजी, एकाच गावातली एकच तुटलेली वाट घ्यावी. तिथे जांभूळ, उंबर, अंजनी, हिरडा यांची पन्नास रोपे लावावीत आणि पाच वर्षे तीच जगवावीत. पाचशे लावून विसरण्यापेक्षा पन्नास जगवणे कठीण आहे. म्हणूनच ते महाविद्यालयाचे काम आहे.

गेल्या पावसाळ्यात मी आणि वडिलांनी बांधावर, जुन्या बुंध्यांच्या शेजारी, चार जांभळी लावल्या. रोपे आजीने परड्यात वाढवली होती. दिवाळीच्या सुट्टीत पाहिले तर एक शेळीने खाल्ली होती, तीन जगली होती. सगळ्यांत उंच माझ्या गुडघ्यापर्यंत आली आहे. तिची फांदी देवराईला टेकेपर्यंत मी मध्यम वयाचा झालेला असेन. वडील खाली बसून तिच्याभोवती काट्याचे कुंपण घालत होते. मी म्हणालो, “झाड पुन्हा येतंय, तुम्ही म्हणाला होतात.” ते हसले नाहीत. म्हणाले, “येतंय. पण राखावं लागतंय.”